इंडियन चालतं, मग इंग्लिश का नाही?

'ही इज ॲन इंडियन' हे वाक्य बरोबर आहे. त्याच साच्यात 'ही इज ॲन इंग्लिश' लिहिलं की चुकलं. 'ही इज अ जर्मन' बरोबर, 'ही इज अ ग्रीक' बरोबर. 'ही इज अ फ्रेंच', 'ही इज अ डच', 'शी इज अ स्पॅनिश' ही तिन्ही चूक. आणि 'ही इज अ चायनीज' व्याकरणात बसतं, पण आज कुणी तसं लिहिलं तर वाचणाऱ्याला खटकतं.

मराठीतून इंग्रजीत झालेली भाषांतरं तपासण्याचं काम मी करते. काळ, क्रियापदं, स्पेलिंग सगळं नेटकं असलेल्या परिच्छेदात मधेच एखादा 'अ फ्रेंच' नाहीतर 'टू इंग्लिश' भेटतो. लिहिणाऱ्याचं इंग्रजी कच्चं असतं असं मुळीच नाही. शाळेत आपण देश, त्याचं विशेषण आणि तिथला माणूस असा तीन रकान्यांचा तक्ता पाठ करतो. तो तक्ता विसरला की हाताशी काहीच उरत नाही. पण या तक्त्यामागे कारण आहे आणि ते शब्दाच्या शेपटात लपलेलं आहे. ते एकदा दिसलं की बरंचसं पाठांतर वाचतं.

आधी आपल्या मराठीकडे पाहू. 'तो इंग्रज आहे' असं आपण म्हणतो, 'तो इंग्रजी आहे' असं माणसाबद्दल कधी म्हणत नाही. इंग्रज हे नाम, इंग्रजी हे विशेषण आणि भाषेचं नाव. तुर्क आणि तुर्की, अरब आणि अरबी यांचंही तसंच. उलट जपानी, चिनी, इराणी, रशियन हे शब्द एकटेच दोन्ही कामं करतात. 'जपानी कागद' म्हटलं तर विशेषण, 'दोन जपानी भेटले' म्हटलं तर नाम. म्हणजे काही शब्दांना माणसासाठी वेगळं रूप लागतं आणि काहींना लागत नाही, हा प्रकार मराठीला नवा नाही. घोटाळा होतो तो सीमारेषेमुळे. मराठीत फ्रेंच आणि डच दोन्ही कामं करतात, इंग्रजीत ते एकच काम करतात. 'एक फ्रेंच भेटला' हे मराठी वाक्य निर्दोष आहे आणि त्याचं शब्दशः इंग्रजी चुकीचं आहे.

इश नावाचं शेपूट

इंग्लिश, आयरिश, स्कॉटिश, ब्रिटिश, डॅनिश, स्वीडिश, फिनिश, पोलिश, स्पॅनिश, टर्किश. 'इश' हा इंग्रजीचा अगदी घरचा प्रत्यय आहे, जर्मानिक भाषाकुळातून वारशाने आलेला. त्याचं काम विशेषण बनवणं. 'चाइल्डिश' आणि 'फूलिश' या शब्दांत तोच बसलेला आहे. आता 'ही इज अ चाइल्डिश' असं म्हणून पाहा. वाक्य लटकतं. पोरकट काय? पोरकट माणूस, पोरकट उत्तर, काहीतरी पुढे हवंच. 'ही इज ॲन इंग्लिश' हे इंग्रजी कानाला नेमकं तसंच अर्धवट लागतं. इंग्लिश काय? माणूस, कवी, की घोडा?

फ्रेंच, वेल्श आणि डच या शब्दांत 'इश' दिसत नाही, पण ते त्याच घरातले. जुन्या इंग्रजीत फ्रेंच हा शब्द साधारण 'फ्रेंचिश' असा उच्चारला जाई. बोलता बोलता शेपूट आखडलं आणि 'च' तेवढा उरला. वेल्शमधला 'श' हाही त्याच 'इश'चा अवशेष, आणि त्याच्या मुळाशी 'परका' या अर्थाचा जर्मानिक शब्द आहे. डच म्हणजे मुळात 'लोकांची' भाषा. जर्मन लोक स्वतःच्या भाषेला 'डॉइच' म्हणतात तो याचाच सख्खा भाऊ, आणि एके काळी इंग्रजीत डच हा शब्द जर्मनांसाठीही चालत होता. अमेरिकेतले 'पेनसिल्व्हेनिया डच' हे जर्मन वंशाचे आहेत, हे त्या जुन्या वापराचं आजवर टिकलेलं उदाहरण.

ही नावं पुन्हा एकदा वाचली की लक्षात येतं, हे बहुतेक इंग्लंडचे शेजारी किंवा युरोपातलेच जुने ओळखीचे लोक आहेत. ज्यांच्याबद्दल इंग्रजीत फार पूर्वीपासून बोललं जात होतं, त्यांना घरचा प्रत्यय मिळाला.

मग या देशांतल्या एका माणसाला म्हणायचं काय? इथे दोन वाटा आहेत. काही विशेषणांच्या पोटात मूळ नाम अजून शाबूत आहे. स्वीडला इश लावून स्वीडिश झालं, फिनला लावून फिनिश, टर्कला लावून टर्किश, पोलला लावून पोलिश, डेनला लावून डॅनिश, स्कॉटला लावून स्कॉटिश. आपण तुर्कला ई लावून तुर्की करतो, तशीच ही घडण. माणूस हवा असेल तर शेपूट काढून टाकायचं: 'अ स्वीड', 'टू पोल्स', 'थ्री फिन्स'. ब्रिटिशसाठी 'ब्रिटन' (इथे देश नव्हे, माणूस) आणि स्पॅनिशसाठी 'स्पॅनियर्ड' हे थोडे वेगळे दिसतात, तेवढे लक्षात ठेवावे लागतात.

दुसरी वाट आहे ज्यांचं मूळ नाम हरवलं त्यांची. इंग्लिशच्या मुळाशी अँगल नावाची जमात आहे आणि फ्रेंचच्या मुळाशी फ्रँक नावाची. पण अँगल आणि फ्रँक हे शब्द इतिहासातच राहून गेले. आजच्या लंडनमधल्या माणसाला कुणी अँगल म्हणत नाही. जागा रिकामी झाली आणि ती भरायला 'मन' आणि 'वुमन' आले: इंग्लिशमन, फ्रेंचवुमन, आयरिशमन, वेल्शमन, डचमन. अनेकवचन इंग्लिशमेन, फ्रेंचविमेन.

इथे एक सापळा आहे. जर्मन या शब्दाच्या शेवटी 'मन' ऐकू येतं म्हणून काही जण 'जर्मेन' करतात. त्या 'मन'चा माणसाशी संबंध नाही, तो लॅटिनमधून आलेल्या अख्ख्या शब्दाचा भाग आहे. म्हणून जर्मन्स, तसंच रोमन्स आणि ऑटोमन्स.

द फ्रेंच म्हणजे नेमके किती जण?

आता जिथे सर्वाधिक चुका होतात तिकडे वळू. 'अ फ्रेंच' चूक असेल, तर 'द फ्रेंच' बरोबर कसं?

याचं उत्तर देशांच्या तक्त्यात मिळत नाही, ते 'द रिच' आणि 'द पुअर' या शब्दांत आहे. रिच हे विशेषण, पण त्याच्या आधी 'द' आला की त्याचा अर्थ श्रीमंत लोक, सगळे मिळून. विशेषणाची मोट बांधून त्याचा समूह करण्याची ही इंग्रजीची जुनी युक्ती. 'द फ्रेंच', 'द इंग्लिश', 'द डच', 'द आयरिश', 'द वेल्श', 'द ब्रिटिश' हे सगळे याच साच्यातले. साचा कळला की त्याचे नियम आपोआप कळतात. क्रियापद अनेकवचनी येतं, 'द पुअर आर' तसं 'द फ्रेंच आर'. 'एस' लागत नाही, कारण विशेषणाला इंग्रजीत अनेकवचन नसतं. आणि मोट बांधलेल्या समूहातून सुटा माणूस मोजून काढता येत नाही. 'थ्री पुअर' म्हणता येत नाही, म्हणून 'थ्री फ्रेंच'ही म्हणता येत नाही. तीन जण मोजायचे असतील तर 'थ्री फ्रेंचमेन', किंवा त्याहून बरं, 'थ्री फ्रेंच पीपल', 'थ्री फ्रेंच स्टुडंट्स'.

शिवाय 'द' गाळता येत नाही. मी दुरुस्त केलेलं एक वाक्य असं होतं: 'फ्रेंच आर प्राउड ऑफ देअर लँग्वेज'. लिहिणाऱ्याला फ्रेंच लोक म्हणायचे होते. पण नुसता 'फ्रेंच' हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला की इंग्रजी वाचक आधी भाषा समजतो, मग 'आर' दिसल्यावर अडखळतो आणि मागे येऊन पुन्हा वाचतो. 'द फ्रेंच आर प्राउड' किंवा 'फ्रेंच पीपल आर प्राउड' केलं की अडखळणं संपतं. याच वाक्यात इटालियन लोक असते तर 'इटालियन्स आर प्राउड' पुरेसं होतं, 'द'ची गरज नव्हती. इटालियन्स हे खरंखुरं अनेकवचनी नाम आहे. फ्रेंच हे उसन्या अवसानाने नाम झालेलं विशेषण आहे आणि ते अवसान त्याला 'द' देतो.

बातम्यांत 'द फ्रेंच' याचा अर्थ अनेकदा आणखी आकसतो. 'द फ्रेंच हॅव रिजेक्टेड द प्रपोजल' याचा अर्थ प्रत्येक फ्रेंच नागरिकाने नकार दिला असा होत नाही. फ्रान्सच्या सरकारने नकार दिला, किंवा संदर्भ खेळाचा असेल तर संघाने. भाषांतर करताना इथे 'फ्रेंचांनी' न लिहिता 'फ्रान्सने' लिहिलं तर मराठी जास्त नेमकं होतं.

ज्यांचं मूळ नाम जिवंत आहे, त्यांच्या बाबतीत इंग्रजी या युक्तीकडे कमी वळते. 'द डॅनिश'पेक्षा 'द डेन्स', 'द टर्किश'पेक्षा 'द टर्क्स' जास्त ऐकू येतं. हाताशी नाम असताना विशेषणाला कशाला राबवायचं? स्पेनच्या बाबतीत मात्र 'द स्पॅनिश' आणि 'स्पॅनियर्ड्स' दोन्ही सर्रास चालतात.

एकच वाक्य, अनेक देश

हे सगळं एका वाक्यावर घासून पाहू. 'अमुक देशाचा अंतराळात गेलेला पहिला माणूस' हे इंग्रजीत लिहायचं आहे.

मिरोस्लाव्ह हेर्माशेव्स्की 1978 मध्ये गेले, ते 'द फर्स्ट पोल इन स्पेस'. त्याच वर्षी गेलेले सिग्मुंड येन 'द फर्स्ट जर्मन'. 1984 मध्ये राकेश शर्मा 'द फर्स्ट इंडियन' आणि मार्क गार्नो 'द फर्स्ट कॅनेडियन'. 2003 मध्ये इलान रामोन 'द फर्स्ट इस्रायली'. 2006 मध्ये क्रिस्टर फुग्लेसांग 'द फर्स्ट स्वीड'. इथवर वाक्य सरळ चालतं, कारण प्रत्येक देशाकडे माणसासाठी नाम आहे.

आता 1982 मध्ये गेलेले जाँ-लू क्रेतियाँ. 'द फर्स्ट फ्रेंच इन स्पेस' लिहिता येत नाही. 'द फर्स्ट फ्रेंचमन' लिहिता येतं, पण त्या शब्दात पुरुष आपोआप येतो. फ्रान्सची पहिली स्त्री अंतराळात गेली 1996 मध्ये, क्लॉदी एन्येरे, आणि तिच्यासाठी 'द फर्स्ट फ्रेंचवुमन' असं वेगळं लिहावं लागतं. ब्रिटनची गोष्ट तर याहून बोलकी आहे. 1991 मध्ये अंतराळात गेलेली पहिली ब्रिटिश व्यक्ती ही स्त्रीच होती, हेलन शारमन. ती पुरुषांच्याही आधी गेली हे सांगायचं असेल तर 'इंग्लिशवुमन' अपुरा पडतो. तिथे 'द फर्स्ट ब्रिटन' हा शब्द चपखल बसतो, कारण या शब्दात स्त्री-पुरुष दोघेही मावतात.

आणि 1990 मधले जपानचे तोयोहिरो आकियामा, 2003 मधले चीनचे यांग लिवेई? तिथे संपादक 'द फर्स्ट जॅपनीज पर्सन इन स्पेस', 'द फर्स्ट चायनीज ॲस्ट्रोनॉट' असं काहीतरी नाम पुढे जोडतात. का, ते पुढे येईलच.

दुहेरी काम करणारी शेपटं

आधी सोपी मंडळी. 'अन' किंवा 'इअन'ने संपणारे शब्द: इंडियन, इटालियन, रशियन, मेक्सिकन, नॉर्वेजियन, इजिप्शियन, अमेरिकन. हा प्रत्यय लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये 'रोमानुस' म्हणजे रोमचा आणि रोमचा माणूसही. दोन्ही कामं करण्याची सवय तिकडूनच आलेली, इंग्रजीने ती तशीच ठेवली. इराकी, ओमानी, पाकिस्तानी, बांगलादेशी, इस्रायली यांच्या शेवटची 'ई' पश्चिम आणि दक्षिण आशियातल्या भाषांमधली. आपल्या 'जपानी', 'चिनी' मधल्या ईसारखीच ती दोन्हीकडे चालते. अनेकवचनाला सरळ 'एस' लावायचा. ग्रीक, चेक, थाय, अफगाण हे छोटे शब्दही याच वर्गातले.

या सोप्या वर्गातही एक निवड करावी लागते. 'शी इज इंडियन' आणि 'शी इज ॲन इंडियन' दोन्ही बरोबर असतील तर कोणतं लिहावं? पहिलं विशेषण, दुसरं नाम. साधी ओळख करून देताना इंग्रजी बोलणारे सहसा विशेषण वापरतात. नाम येतं ते माणूस मोजायचा असेल, क्रम सांगायचा असेल किंवा पुढे आणखी माहिती जोडायची असेल तेव्हा: 'ॲन इंडियन लिव्हिंग इन कॅनडा', 'द ओन्ली इंडियन ऑन द टीम'. विशेषण माणसाचा एक गुण सांगतं, नाम त्याला एका गटात नेऊन बसवतं. मी शक्यतो विशेषण निवडते. विशेषणाने चूक होण्याची शक्यताही कमी, कारण विशेषण जवळजवळ प्रत्येक देशाला आहे: 'शी इज फ्रेंच', 'ही इज डच', 'दे आर जॅपनीज'. यातलं एकही चुकत नाही. चुकतो तो मधे घुसलेला 'अ'.

ईजची अडचण

जॅपनीज, चायनीज, पोर्तुगीज, व्हिएतनामीज, लेबनीज, सुदानीज, माल्टीज. हाही प्रत्यय मुळात लॅटिन, फ्रेंच आणि इटालियनच्या वाटेने आलेला. याची खोड अशी की शेवटी 'ज'चा आवाज येतो आणि इंग्रजी कानाला तो अनेकवचनासारखा वाटतो. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत 'चायनीजेस' असं अनेकवचन सापडतं. पुढे ते मागे पडलं, कारण आधीच ज, त्यावर आणखी ज. नंतर उलटा प्रकार झाला. लोकांना चायनीज हेच अनेकवचन वाटू लागलं आणि त्यातून 'अ चायनी', 'अ पोर्तुगी' अशी खोटी एकवचनं जन्मली. वाटाण्याला इंग्रजीत 'पी' म्हणतात तोही असाच जन्मलेला शब्द. मूळ शब्द 'पीज' असा एकवचनी होता, तो अनेकवचन समजून लोकांनी त्याचं शेपूट कापलं. पी हा शब्द रुजला, चायनी आणि पोर्तुगी हे हिणकस ठरून बाहेर गेले.

आज नियम असा की हे शब्द दोन्ही वचनांत सारखेच राहतात. 'द जॅपनीज' म्हणजे जपानी लोक, हे निर्धोक. 'टू जॅपनीज' व्याकरणाने बरोबर. 'अ जॅपनीज', 'अ चायनीज' हेही शब्दकोशांत सापडतं, पण कानाला तुटक लागतं आणि अनेकांना त्यात तुच्छता जाणवते. ब्रिटिश बोलीत 'अ चायनीज' म्हणजे चिनी पद्धतीचं जेवण, हीही एक अडचण. म्हणून 'अ चायनीज वुमन', 'अ जॅपनीज कलीग' असं लिहावं. 'चायनामन' हा शब्द तर पूर्णपणे टाळावा. दिसायला तो फ्रेंचमनसारखाच, पण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चिनी मजुरांविरुद्ध जो द्वेष होता, ज्यातून 1882 चा चिनी लोकांना देशबंदी करणारा कायदा झाला, त्या काळाचा वास त्याला लागलेला आहे. क्रिकेटमध्ये डावखुऱ्या मनगटी फिरकीसाठी तो रूढ होता, तिथूनही तो आता हटत चालला आहे.

हाच प्रत्यय आपल्याकडे वेगळ्या दाराने आला आहे, हे मला फार आवडतं. इंग्रज हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला नाही, पोर्तुगीजांकडून घेतला. पोर्तुगीजमध्ये इंग्लिश माणसाला 'इंग्लेश' म्हणतात. जुन्या मराठीत डचांना 'वलंदेज' म्हणत, तेही पोर्तुगीज 'ओलांदेश'वरून. म्हणजे इंग्रज आणि वलंदेज यांच्या शेवटचा 'ज' आणि जॅपनीजच्या शेवटचा 'ज' एकाच लॅटिन प्रत्ययाची पोरं आहेत.

स्विस हा शब्दही वचन बदलत नाही. 'अ स्विस', 'टू स्विस', 'द स्विस'.

भाषा आणि मोठं अक्षर

देशाचं विशेषण हेच बहुधा भाषेचं नाव असतं आणि भाषेच्या नावाआधी 'द' येत नाही. 'शी स्पीक्स फ्रेंच' बरोबर. 'द फ्रेंच' म्हटलं की लोक झाले. 'लँग्वेज' हा शब्द जोडला तरच 'द फ्रेंच लँग्वेज'. 'ॲन इंग्लिश टीचर' याचे दोन अर्थ होतात: इंग्रजी शिकवणारा आणि इंग्लंडचा असलेला शिक्षक. बोलताना जोर कुठे द्यायचा यावरून फरक कळतो. 'इंग्लिश'वर जोर दिला तर विषय, 'टीचर'वर दिला तर माणूस इंग्लंडचा. लिहिताना जोर दिसत नाही, म्हणून शंका असेल तर 'अ टीचर ऑफ इंग्लिश' किंवा 'अ टीचर फ्रॉम इंग्लंड' लिहिलेलं बरं. मराठीला हा त्रास नाही, 'इंग्रजीचा शिक्षक' आणि 'इंग्रज शिक्षक' आधीच वेगळे आहेत.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसल्यामुळे दुसरी एक चूक आपल्या हातून सहज होते. इंग्रजीत देशवाचक शब्दाचं पहिलं अक्षर नेहमी कॅपिटल, मग तो नाम असो, विशेषण असो वा भाषेचं नाव. फ्रेंच लोकांनाही हे जड जातं, कारण त्यांच्या भाषेत माणसाला कॅपिटल आणि विशेषणाला लहान अक्षर. स्पॅनिशमध्ये तर सगळीकडेच लहान. इंग्रजीत एका शब्दात या अक्षराने अर्थ आणि उच्चार दोन्ही बदलतात. कॅपिटल अक्षर असेल तर पोलिश, पोलंडचा. लहान असेल तर पॉलिश, बुटांना करतात ते.

काही हट्टी शब्द

इथून पुढे नियम थोडे आणि स्वभाव फार. अरब म्हणजे माणूस, अरेबिक म्हणजे भाषा, अरेबियन हे समुद्राला किंवा घोड्याला लागतं. स्कॉटलंडच्या माणसांना स्कॉटिश किंवा स्कॉट्स म्हणायचं. स्कॉच व्हिस्कीपुरता ठेवायचा, माणसाला लावला तर त्याला आवडत नाही. आपण अफगाणी म्हणतो, पण इंग्रजीत माणूस अफगाण, आणि अफगाणी हे त्यांच्या चलनाचं नाव. फिलिपाइन्सचा माणूस फिलिपिनो, स्त्री असेल तर फिलिपिना.

ब्रिटनबद्दल विशेष सांभाळून लिहावं. मराठीत आपण सगळ्यांना सरसकट इंग्रज म्हणतो. इंग्रजीत स्कॉटलंडच्या किंवा वेल्सच्या माणसाला इंग्लिश म्हटलं तर तो ताबडतोब दुरुस्त करतो, कारण तो ब्रिटिश आहे, इंग्लिश नाही. 'ब्रिटिशर' हा शब्द आपल्याकडच्या इंग्रजीत भरपूर चालतो, पण ब्रिटनमधले लोक स्वतःला तसं म्हणत नाहीत. तिथे 'द ब्रिटिश', 'ब्रिटिश पीपल', बातम्यांत 'ब्रिटन्स' आणि गप्पांत 'ब्रिट्स'.

नायजेरियाचा तो नायजेरियन, आणि शेजारच्या नीजेरचा तो नीजेरियन, दोघांत स्पेलिंगच्या एका स्वराचा फरक. काँगोलीज म्हटलं तर दोन देशांपैकी कोणता काँगो ते वेगळं सांगावं लागतं. न्यूझीलंडला वापरातलं विशेषणच नाही, देशाचं नावच विशेषणाचं काम करतं. 1953 मध्ये तेनसिंग यांच्यासोबत एव्हरेस्टवर पोचलेले एडमंड हिलरी 'अ न्यूझीलंड माउंटेनिअर', आणि नाम हवं असेल तर 'अ न्यूझीलंडर'.

देशाचं नाव बदललं की शब्दांची उलथापालथ होते, पण सगळीकडे सारखी नाही. सिलोनचा श्रीलंका 1972 मध्ये झाला. सिलोनीज हा वचन न बदलणारा शब्द गेला आणि श्रीलंकन्स असं 'एस' घेणारं अनेकवचन आलं. पर्शियाला 1935 पासून इराण म्हणायला लागले, माणसं इराणियन झाली, पण भाषा, गालिचे आणि मांजरं पर्शियनच राहिली. सयामचं थायलंड झालं तरी सयामीज मांजर आहेच. 2022 मध्ये तुर्कस्तानने संयुक्त राष्ट्रांत आपलं नाव 'तुर्किये' असं नोंदवलं, विशेषण मात्र टर्किशच.

शेवटी आफ्रिकेच्या दक्षिणेकडचे दोन देश, बोत्स्वाना आणि लेसोथो. तिथल्या भाषांमध्ये शब्दाची ओळख शेपटाने होत नाही, तोंडाने होते. बोत्स्वानाचा एक माणूस 'मोत्स्वाना', अनेक माणसं 'बात्स्वाना', भाषा 'सेत्स्वाना'. लेसोथोचा एक 'मोसोथो', अनेक 'बासोथो', भाषा 'सेसोथो'. इंग्रजीने हे शब्द प्रत्ययांसकट जसेच्या तसे उचलले, म्हणून 'अ बात्स्वाना' लिहिणं हे 'अ मेन' लिहिण्यासारखं होतं.